मदत घ्या, पण मोजमाप आपल्या हाती ठेवा

सोयाबीनची पिशवी घरात आली की शहाणा माणूस पेरणीआधी काय करतो? ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करतो, चार-सहा दिवसांनी उघडतो आणि कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बिनधास्त पेरणी, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं नाहीतर बदलायचं. पिशवीवर छापलेला आकडा विकणाऱ्याचा असतो, गोणपाटातला आकडा आपला असतो. दरवर्षी मे-जूनमध्ये आम्ही विस्तारवाले हेच गावोगाव सांगत फिरतो.

मग गावच्या शाळेच्या बाबतीत आपण फक्त पिशवीवरचाच आकडा का वाचतो?

हा प्रश्न आज विचारायचं कारण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांना कंपन्या, बँका, ट्रस्ट आणि गावाबाहेर नोकरीला गेलेली मंडळी मदत करू लागली आहेत. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजनेचा निर्णय काढला. पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेचं पालकत्व घ्यायचं, मदत वस्तू आणि सेवांच्या रूपाने द्यायची, अशी ती कल्पना. मदत वाईट नाही. गळकं छप्पर, मुलींचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी या गोष्टींसाठी शासनाच्या निधीची वाट पाहत वर्षं जातात, हे सरपंच मंडळींना आम्ही सांगायला नको. पण खासगी हात शाळेला लागला की देखरेख कोणी करायची, हा प्रश्न उभा राहतो. तो आपल्याआधी अमेरिकेत उभा राहिला. त्यांनी काय भोगलं ते बघून घेतलं तर आपला खर्च वाचेल.

अमेरिकेत ‘चार्टर’ शाळा आहेत. चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारचा, मुलांना फी नाही, पण कारभार खासगी मंडळाकडे. त्या मंडळाला ठरावीक वर्षांची सनद मिळते. मुलं शिकली तर सनद पुढे चालू, नाही तर शाळा बंद. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ साली झाला आणि पहिली शाळा तिथल्याच सेंट पॉल शहरात १९९२ साली उघडली. सनद देणारी आणि देखरेख करणारी संस्था राज्याराज्यांत वेगळी. कुठे स्थानिक शाळा मंडळ, कुठे विद्यापीठ, कुठे सेवाभावी संस्था. कागदावर हे झकास दिसतं. घोडं पेंड खातं ते देखरेखीपाशी.

ओहायो राज्याचं उदाहरण घ्या. ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ नावाची चार्टर शाळा तिथे २००० साली सुरू झाली. मुलं घरी बसून संगणकावर शिकणार आणि सरकार दर मुलामागे पैसे देणार. व्यवस्थापनाचं आणि सॉफ्टवेअरचं काम संस्थापकाच्याच कंपन्यांकडे. २०१५-१६ च्या वर्षात पटावर पंधरा हजारांहून अधिक मुलं दाखवली होती. राज्याच्या शिक्षण खात्याने प्रत्यक्ष किती शिकली याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा साधारण सहा हजार तीनशे मुलांचाच हिशेब लागला. सुमारे सहा कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला. जानेवारी २०१८ मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, शाळा बंद पडली आणि सुमारे बारा हजार मुलांना ऐन मध्यात दुसरी शाळा शोधावी लागली.

इतकी वर्षं देखरेखवाले काय करत होते? ओहायोच्या कायद्यात सनद देणाऱ्या संस्थेला शाळेच्या सरकारी रकमेतून तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येत होतं. म्हणजे शाळा जितकी मोठी दिसेल तितकी तपासणाऱ्याची कमाई मोठी. कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजणारा माणूस कारखान्याचाच असला की आपल्याला झोप लागत नाही. इथे तर जास्त वजन दाखवण्यात मालक आणि काटेवाला दोघांचाही फायदा. कुंपणच शेत खातं ते असं. २०१५ साली ओहायोने कायदा कडक केला आणि सनद देणाऱ्या संस्थांच्याच कामाला श्रेणी लावण्यावर भर दिला. तपासणाऱ्याचीही तपासणी, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा चांगल्या भागीदारीचा आहे. राज्य सरकारांनी मुलांच्या परीक्षांचे आकडे दिले आणि स्टॅनफर्ड या खासगी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने चार्टर शाळांतली मुलं तशाच इतर सरकारी शाळांतल्या मुलांशी ताडून पाहिली. २००९ च्या अहवालात गणितात फक्त सतरा टक्के चार्टर शाळा सरस निघाल्या, सदतीस टक्के मागे आणि बाकीच्या सारख्याच. हे आकडे बाहेर आल्यावर भाषणबाजीला लगाम बसला. २०२३ च्या अहवालात याच शाळा सरासरीने थोड्या पुढे दिसल्या, संगणकावर भरणाऱ्या मात्र बऱ्याच मागे. सांगायचं काय, तर शाळा चालवणारा एक आणि मोजणारा तिसराच असला की खरं काय ते कळतं.

आपण हसायचं कारण नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी झाली. महसूल आणि इतर खात्यांची माणसं वर्गात गेली, मुलांच्या बोटांना शाई लावली आणि डोकी मोजली. पटावरची लाखो नावं वर्गात सापडलीच नाहीत. रोजची तपासणी करणारे होतेच. फरक पडला तो बाहेरचा माणूस मोजायला गेल्यामुळे.

आमच्या पंचायत समितीत माझ्या शेजारच्या टेबलावर शिक्षण विस्तार अधिकारी बसतात. त्यांच्याकडे शाळा इतक्या आणि टपाल इतकं, की एका शाळेला निवांत अर्धा दिवस देणं त्यांना जमत नाही. केंद्रप्रमुखांचीही गत तीच. एका गावात कंपनीने संगणक दिले, फीत कापली, फोटो छापून आले. पीक प्रात्यक्षिकाच्या कामाला वर्षभराने गेलो तर संगणकांवर चादर. बिघडले तर दुरुस्ती कोणी करायची, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. कंपनी म्हणे शाळेने करावी, गुरुजी म्हणत ग्रामपंचायतीने. नव्याचे नऊ दिवस संपले.

हे टाळायचं हत्यार आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं आणि अनुदानाचा खर्च पाहणं हे तिचं काम. अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देते आणि विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. म्हणजे पुरा अधिकार आहे तो जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथेच समिती नुसती सह्यांपुरती राहिली तर दोष कोणाचा?

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि समितीच्या सदस्यांना आमचं सांगणं एवढंच. मदत घेताना साध्या मराठीत लेखी करार करा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा. काय देणार, किती वर्षं देणार, दुरुस्ती कोणाकडे आणि मुदत संपल्यावर वस्तू कोणाची, हे त्यात यायलाच हवं. देणाऱ्याला मान द्या, नावाची पाटी लावा, पण मोजायचं काम त्याच्याकडे देऊ नका.

आणि वर्षातून दोनदा गोणपाट उघडा. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ची पाहणी खेडोपाडी होते. रीत सोपी आहे. मुलाला अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला द्यायची, नंतर हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. जवळच्या कॉलेजची चार पोरं-पोरी बोलवा, समितीतल्या आया सोबत बसू द्या आणि किती मुलं वाचू शकली तो आकडा ग्रामसभेत सांगा. मुलांची नावं मात्र जाहीर करू नका.

गुरुजी-बाईंना यात कमीपणा वाटू नये. उगवण कमी निघाली म्हणून आपण शेताला शिव्या देत नाही. बियाणं, ओल, खोली बघतो आणि वेळ असतानाच दुरुस्ती करतो. सोयाबीन फसलं तर दुबार पेरणी होते. तिसरीत वाचन राहून गेलेलं पोर सातवीत गेल्यावर दुबार पेरणी फार महाग पडते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर शाळेचा विषय पहिला घ्या.