आकार आणि तोल

बास गिटारच्या अंगाला असलेली वळणदार शिंगे पाहिली, की ती केवळ शोभेसाठी कोरली असावीत असे वाटते. तंबोऱ्याचा भोपळा नाद घुमवतो. या वाद्याचे अंग मात्र बहुधा भरीव लाकडाचे असते आणि तारेचे कंपन पिकअपमधील चुंबक टिपतो. मग आकाराचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर वादकाच्या खांद्यापाशी मिळते.

बासची मान लांब आणि तिच्या टोकाला जाड तारा ताणणाऱ्या चाव्यांचे ओझे. वाद्य पट्ट्याने खांद्यावर अडकवले, की मान जमिनीकडे झुकू पाहते. स्वर दाबणारा हातच मग तिला सावरण्यात गुंततो आणि मनगट, खांदा, पाठ दुखू लागतात.

कॅलिफोर्नियाचे लिओ फेंडर हे शिक्षणाने हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना गिटार वाजवता येत नसे. वादकांचे म्हणणे मात्र ते मन लावून ऐकत. १९५१ मध्ये त्यांची प्रिसिजन बास बाजारात आली. तारेची कंपन पावणारी लांबी ३४ इंच. अंगाचे वरचे शिंग मानेच्या दिशेने लांबवलेले होते. पट्टा त्याच्या टोकाशी अडकत असल्याने आधार पुढे सरकला आणि तोल साधला. पुढे १९५४ मध्ये हाताला व बरगडीला रुतणाऱ्या कडाही उतरत्या करण्यात आल्या.

नेड स्टाइनबर्गर हे मूळचे फर्निचरचे रचनाकार. १९७७ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या स्टुअर्ट स्पेक्टर यांच्यासाठी शरीराला बिलगेल असे बाकदार अंग रेखले. त्यानंतर त्यांनी अधिक धीट विचार केला. ज्या टोकाचे ओझे होते, ते टोकच काढून टाकले! चाव्या खालच्या बाजूस गेल्या आणि अंग लहानशा पेटीएवढे उरले.

आज हाताने बास घडवणाऱ्या कारागिराकडे ग्राहक मनाजोगते चित्र घेऊन येतो. चित्रातील आखूड शिंग कागदावर देखणे दिसते; प्रत्यक्षात ते तोल बिघडवते. वाद्य हलके व्हावे म्हणून केवळ अंगाचे लाकूड घटवले, तर मान अधिकच झुकते. याउलट, टोकाच्या चाव्यांचे थोडे वजन कमी केले तरी मोठा फरक पडतो, कारण ते ओझे आधारापासून सर्वांत दूर असते. जाणता कारागीर म्हणूनच लाकडाला करवत लावण्यापूर्वी पूर्ण मापाचा फर्मा कापतो, तो ग्राहकाच्या अंगाशी धरून पाहतो आणि पट्ट्याची जागा ठरवतो.

वाद्य तयार झाल्यावरची कसोटी साधी असते. पट्टा खांद्यावर घ्यावा आणि दोन्ही हात सोडावेत. वाद्य जिथे होते तिथेच राहिले, तर आकार जमला.