दूधदान नाकारलं म्हणजे तुमचं दूध वाईट नाही

काही दिवसांपूर्वी माझ्या कल्याणच्या दवाखान्यात एक बाळंतीण सासूबाईंबरोबर आली. बाळ दीड महिन्याचं, वजन छान वाढलेलं. तरी चार दिवसांपासून त्याला पावडरचं दूध सुरू केलं होतं. का, असं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, दूधपेढीने हिचं दूध घेतलं नाही. म्हणजे दुधात काहीतरी दोष असणारच ना?"

तिचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळालं होतं. अशा वेळी आईने अंगावर पाजणं बंद करायची गरज नसते. पेढीचा नकार योग्यच होता, पण घरच्यांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

हा विषय आता का?

24 मे 2024 रोजी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, स्पष्ट केलं की 2006 च्या कायद्यानुसार आईच्या दुधावर प्रक्रिया करून ते विकायला परवानगी नाही. दूध दान म्हणूनच द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. विक्रीत पैशासाठी माहिती लपवली जाऊ शकते, भेसळही होऊ शकते. अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या आईच्या दुधाचे 102 नमुने तपासले, तेव्हा 11 नमुन्यांत गाईच्या दुधाचा अंश सापडला. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला.

दूधपेढी आपल्याला नवीन नाही. भारतातली, किंबहुना आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. केंद्र सरकारने 2017 मध्ये अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना दिल्या.

दूध तापवतातच, मग इतके प्रश्न कशाला?

पेढीत दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं ठेवतात. त्याने एचआयव्हीसारखे विषाणू आणि बहुतेक जंतू मरतात. पण तंबाखूतलं निकोटीन, दारू, काही औषधं उष्णतेने जात नाहीत. काही जिवाणूंचे बीजाणूही टिकतात. म्हणून तपासणीचे टप्पे असतात:

- प्रश्न: आजार, चालू औषधं, तंबाखू, दारू, अलीकडे रक्त चढवलं आहे का, टीबी आहे का, स्तनाला गळू किंवा बुरशीचा संसर्ग आहे का. मिश्री लावत असाल तर तेही सांगा. मिश्री म्हणजे तंबाखूच.
- रक्त तपासणी: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस, काही ठिकाणी हिपॅटायटिस सीसुद्धा. गरोदरपणातले अलीकडचे रिपोर्ट असतील तर सोबत न्या.
- दुधाची तपासणी: तापवल्यानंतर नमुन्याचं कल्चर करतात. त्यात जंतू वाढले तर ते दूध टाकून देतात.

रक्त तपासणी झाली तरी प्रश्न विचारावेच लागतात. संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीचे काही दिवस रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. नवऱ्याबद्दलचे खासगी प्रश्नही त्यासाठीच असतात. ते एकांतात विचारले जावेत, सासूसमोर किंवा वॉर्डात नव्हेत. एचआयव्ही चाचणीसाठी तुमची संमती घेणं आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

नियम इतके कडक का?

हे दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना दिलं जातं. त्यांची आतडी आणि प्रतिकारशक्ती कच्ची असते. आईचं दूध त्यांना आतड्यांच्या एका गंभीर आजारापासून वाचवतं, पण थोडासा दोषही त्यांना झेपत नाही.

तुमच्या बाळाचं गणित वेगळं असतं. ते नऊ महिने तुमच्याच पोटात होतं, त्याला लस मिळाली आहे, डॉक्टर त्याच्याकडे लक्ष देत आहेत. त्यामुळे परक्या बाळाला न चालणारं दूध तुमच्या बाळासाठी बहुतेक वेळा उत्तमच असतं. तंबाखू सोडायलाच हवा, पण त्यासाठी पाजणं सोडू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर पाजायला अडचण नसते. एचआयव्ही, टीबी, कॅन्सरची औषधं किंवा स्तनाग्रातून रक्त येणं, अशा वेळी मात्र स्वतः निर्णय न घेता डॉक्टरांना विचारा.

तुम्ही काय करावं?

- आधी स्वतःच्या बाळाचं पोट भरू द्या. दान उरलेल्या दुधाचंच.
- दान करायचं असेल तर बाळंतपण झालेल्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना जवळच्या पेढीबद्दल विचारा.
- नकार मिळाला तर दोन गोष्टी विचारून घ्या: "कारण काय?" आणि "माझ्या बाळाला पाजू ना?"
- सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून परस्पर दूध देऊ-घेऊ नका. देणारी कितीही चांगली असली, तरी ते दूध तपासलेलं नसतं.

त्या सुनेने त्याच दिवशी पुन्हा पाजायला सुरुवात केली. चार दिवसांच्या खंडामुळे दूध थोडं कमी झालं होतं, पण वारंवार पाजल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झालं. पावडरचा डबा बंद झाला. तिला स्वतःच्या लिव्हरच्या तपासणीसाठी आणि नवऱ्याला रक्त तपासणीसाठी पाठवलं आहे. पेढीच्या नकारानंतर खरं तर हेच आधी व्हायला हवं होतं.