सहा-एकचे दान, पण सोंगटी कोणती?

फाशांचा खेळ म्हटला की आपण तो नशिबावर सोपवून मोकळे होतो. पण नळ-दमयंतीच्या कथेतला ऋतुपर्ण राजा आठवून पाहा. विदर्भाकडे जाताना वाटेतल्या बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे त्याने रथात बसूनच सांगितली. मोजण्याची आणि फाशांची ती विद्या त्याच्याकडून शिकल्यावर नळाने फाशांवर गमावलेले राज्य फाशांवरच परत मिळवले. फासे आपल्या हाती नसतात, मोजणे मात्र असते.

बॅकगॅमन हा असाच मोजणाऱ्याचा खेळ आहे. पटावर २४ घरे, प्रत्येकाकडे १५ सोंगट्या आणि दोन फासे. सगळ्या सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग एकेक करून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. फाशावर जितका आकडा, तितक्याव्या घरातली सोंगटी बाहेर निघते. आकडा मोठा पडला आणि तितक्या लांब सोंगटीच नसेल, तर सर्वांत लांबची निघते. दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला, तर तो चार वेळा खेळायला मिळतो.

आता ही स्थिती पटावर मांडा. आपल्या तीनच सोंगट्या उरल्या आहेत: सहाव्या, पाचव्या आणि तिसऱ्या घरात. प्रतिस्पर्ध्याच्या चार सोंगट्या पहिल्या घरात आहेत. आपल्याला दान पडले सहा-एक. सहाने सहाव्या घरातली सोंगटी काढली, हे सरळच आहे. पण एक कुठे खेळायचा? पाचातली सोंगटी चारात आणायची, की तीनमधली दोनात?

बहुतेक जण मागची सोंगटी पुढे घेतात. चार आणि तीन, दोघी शेजारी, दिसायलाही नीटनेटके. दोन्ही प्रकारे उरतात सातच घरे, मग फरक तो काय? फरक आहे, आणि तो मोजूनच कळतो.

प्रतिस्पर्ध्याला सारखे आकडे पडले नाहीत, तर त्याच्या दोन सोंगट्या उरतील आणि आपल्याला एकच दान मिळेल. त्या दानात दोन्ही सोंगट्या निघाल्या पाहिजेत. दोन फाशांची दाने ३६ प्रकारची. (सहा-पाच हे दान दोनदा मोजायचे, कारण सहा या फाशावरही येऊ शकतो आणि त्या फाशावरही.) सहा-पाच, सहा-चार, सहा-तीन, पाच-चार, पाच-तीन ही दाने दोन्ही मांडण्यांत चालतात. ती झाली १०. सारख्या आकड्यांत दोन एके सोडून बाकी पाचही चालतात. म्हणजे १५ दाने दोन्हीकडे समान.

उरली थोडकी. चार-तीनच्या मांडणीत चार-तीन हे दान जास्तीचे कामी येते, त्याचे दोन प्रकार, एकूण १७. पाच-दोनच्या मांडणीत मात्र सहा-दोन आणि पाच-दोन ही दोन दाने कामी येतात, त्यांचे चार प्रकार, एकूण १९. तेव्हा तीनमधली सोंगटी दोनात आणणे हीच बरोबर खेळी. मागची सोंगटी पाचात राहिली तरी तिला सहा किंवा पाच लागतोच. पुढची मात्र इतकी जवळ आली की तिला लहानसा दोनही पुरतो.

दोन दानांचा फरक तो केवढा, असे वाटेल. पण १७ म्हणजे अर्ध्याहून कमी आणि १९ म्हणजे अर्ध्याहून जास्त. याला महत्त्व येते ते दुप्पटीच्या फाशामुळे. २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असलेला हा फासा १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये खेळात आला. आपली पाळी आली की दान टाकण्यापूर्वी डावाचे गुण दुप्पट करण्याचे आव्हान देता येते. समोरच्याने एक तर डाव सोडून एक गुण द्यावा, नाही तर दोन गुणांसाठी पुढे खेळावे.

आपण पाच-दोनवर असलो, तर ३६ पैकी १९ डाव आपले. शेवटचेच दान असल्याने आव्हान द्यावे. चार-तीनवर असतो, तर हेच आव्हान आपल्याच अंगाशी आले असते!

आणि समोरच्याने काय करावे? घाबरून डाव सोडू नये. सोडत राहिला तर ३६ डावांत ३६ गुण जातील. स्वीकारले तर १९ डावांत ३८ गुण जातील, १७ डावांत ३४ मिळतील. तोटा फक्त ४ गुणांचा. साधा नियम असा की, अशा शेवटच्या दानाला चार डावांतला एक जिंकण्याची आशा असली तरी आव्हान स्वीकारायला हरकत नाही. तीन हरून ६ गुण गेले, एक जिंकून २ आले, उणे ४. चारही सोडले तरी उणे ४च.

अशी एकच स्थिती मांडून सावकाश मोजली, तर घाईने खेळलेल्या दहा डावांपेक्षा जास्त शिकायला मिळते. रविवारी दुपारी मुलांना हाताशी घ्या. कागदावर सहा बाय सहाची चौकट आखा आणि जे दान चालेल त्या चौकोनात फुली मारा. गणिताचा कंटाळा करणारी मुलेही यात रमतात.

आता एक कोडे. सोंगट्या सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या घरात, दान पुन्हा सहा-एक, प्रतिस्पर्धी तसाच. एक कुठे खेळाल? उत्तर पाहण्याआधी मोजा.

उत्तर: तीनमधली सोंगटी दोनात आणा. चार-दोनच्या मांडणीत २३ दाने कामी येतात. चारातली तीनमध्ये आणून दोन्ही एकाच घरात ठेवल्यास फक्त १७.