बाबांचा हिशेब

मैत्रिणींनो, डिसेंबर महिना लागला की आम्हा वऱ्हाडातल्या बायकांच्या बोलण्यात गाडगेबाबांचा विषय हमखास निघतो. २० डिसेंबर ही त्यांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीतच बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. माझं माहेर अमरावतीचं आणि सासर अकोल्याचं, त्यामुळे बाबा मला दोन्हीकडून मिळाले. तसे तेही दोन्ही जिल्ह्यांचेच की! १८७६ साली जन्म झाला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला, आणि वडील गेल्यावर लहानाचे मोठे झाले अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे.

आता तुमच्यापैकी एखादी म्हणेल, “अहो, ज्यांनी १९०५ साली स्वतःचा संसार सोडला, त्यांच्याकडून आपण संसाराचं काय शिकायचं?” हा प्रश्न मलाही पडत असे. मागे राहिलेल्या कुंताबाईंनी म्हाताऱ्या सासूला आणि लेकरांना घेऊन दिवस कसे काढले असतील, हे आपल्यासारख्या बायकांनाच कळेल. बाबांनी पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदीला मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण घरच्या माणसांना त्यातलं सुख लागू दिलं नाही. बाबांचं मोठेपण सांगताना कुंताबाईंचं नाव घेतल्याशिवाय मला तरी पुढे जाववत नाही.

पण मैत्रिणींनो, बाबांचं कीर्तन ऐकलेल्या आमच्या आजीच्या तोंडून जे ऐकलं, त्यात देवापेक्षा संसाराच्याच गोष्टी जास्त असत. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचा आणि रस्ते झाडायचे. पायावर डोकं ठेवायला कुणी वाकलं तर ते आवडायचं नाही. रात्री कीर्तन, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत, समोरच्याला प्रश्न विचारत विचारत. कर्ज काढून सण करू नका, देवाला बोकड कापू नका, दारूला शिवू नका आणि लेकरांना शाळेत घाला. त्यासाठी घरातलं ताट मोडावं लागलं तर मोडा, भाकर हातावर घेऊन खा. बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या, पण पोरांचं शिक्षण थांबवू नका, असं ते बजावत.

हे शहाणपण त्यांना पुस्तकातून आलेलं नव्हतं. वडील दारूपायी गेले. मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली, आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचता येणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून तर मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाचं दारू-मटण बंद करून गोडाचं जेवण घातलं. लोक काय म्हणतील, याचा विचार केला नाही. पूर्णाकाठच्या ज्या ऋणमोचनला त्यांनी पुढे लोकवर्गणीतून घाट बांधला, त्या गावाचं नावच बघा ना, ऋणातून सोडवणारं!

याचा अर्थ मला खरा कळला तो चार वर्षांपूर्वी, मामंजी गेले तेव्हा. दहाव्या दिवशी रात्री घरात बैठक बसली. भासरे म्हणाले, तेरवीला तीनशे पान उठलंच पाहिजे, बाबूजींचं नाव होतं गावात. पतसंस्थेतून पन्नास हजार उचलू. त्याच महिन्यात त्यांच्याच मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. “पोरीचं पुढच्या वर्षी बघू,” असं ते म्हणाले, आणि जाऊबाई खाली मान घालून बसल्या. मी धाकटी सून. अर्धवेळ मास्तरीण असले तरी त्या बैठकीत मला कोण विचारणार! तरी एवढं म्हणाले, “दादा, वर्ष गेलं की मुलगी घरीच राहते, आमच्या शाळेतल्या किती जणींचं तसं झालंय.” कुणी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. तेरा दिवस बाहेर न बसणारी ती बाई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “बाबाच्या फोटूले हार घालता, अन् बाबाचं एकही आयकत नाही? कर्ज काढून लोकाइले जेवू घालाचं अन् पोरीची फी थकवाची? मरणाऱ्याले काय पोचते त्यातलं? पोरीची फी भरा आधी. उरलं त्याच्यात करा तेरवी.”

तेरवी झाली. घरचे आणि भावकीतले मिळून चाळीस माणसं, वरण-भात, पोळी, एक भाजी आणि शिरा. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवलीच. एका आत्तेसासूबाईंनी वर्षभर बोलणं सोडलं. भासऱ्यांनाही ते लागलं, नाही असं नाही. पण पुतणीची फी वेळेवर भरली गेली, आणि आता ती शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत सासूबाईंचं ब्लडप्रेशर तिनेच तपासलं, तेव्हा भासरे दारात उभे राहून बघत होते.

बाबांनी १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एवढी मोठी वास्तू शिक्षणासाठी देणारा माणूस आपल्याला एवढंच सांगतो की जेवणावळीआधी फीचे पैसे बाजूला काढा.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात बारसं, लग्न, तेरवी काहीही निघालं, की एक वही घ्या. एका बाजूला लिहा, कार्याला खरोखर लागणारा खर्च. दुसऱ्या बाजूला लिहा, लोकांच्या तोंडासाठी होणारा खर्च. मुलांच्या फीचे पैसे त्या वहीत धरूच नका, ते वेगळ्या डब्यात किंवा मुलांच्या नावे बँकेत ठेवा. वही नवऱ्यापुढे आणि सासूबाईंपुढे शांतपणे ठेवा, भांडू नका, फक्त बाबांसारखं एकेक प्रश्न विचारा. “हे कशाला?” “यावाचून अडेल का?” पुष्कळदा घरातलं म्हातारं माणूसच आपल्या बाजूने उभं राहतं, कारण त्याने कर्जाचे दिवस पाहिलेले असतात.

आणि पुण्यतिथीला फोटोला हार घालणार असाल, तर त्याआधी मुलांना घेऊन निदान आपल्या गल्लीचा कोपरा झाडून काढा. पहिला खराटा मात्र आपण हातात घ्यायचा.