आईची शंका ऐका

मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात भातलावणीच्या दिवसांत बाळ आजीकडे सोपवून आई खाचरात राबते. तरीही बाळाचे काही वेगळे आहे, हे बहुधा आधी तिलाच जाणवते. तिने बोलून दाखवले की उत्तर ठरलेले : ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ या एका वाक्यापायी उपचारांचे मोलाचे महिने निघून जातात.

मेंदूची वाढ पहिल्या ३ वर्षांत सर्वांत वेगाने होते. म्हणून काही खुणा घरातल्या सर्वांनाच ठाऊक हव्यात. बाळ ३ महिन्यांचे होऊनही हसत नाही, ५ महिन्यांत मान धरत नाही, १० महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही, दीड वर्षात चालत किंवा एकही शब्द बोलत नाही, तर तपासणी करावी. येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर लगेचच. बोलणे लांबण्यामागे कमी ऐकू येणेही असू शकते.

माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. कार्ड मात्र लसीपुरतेच बाहेर निघते. आशाताईंनी लसीच्या दिवशीच ते टप्पे आईला विचारावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. पण शंका आल्यावर त्यांची वाट पाहू नये, पौडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

शंका खोटी ठरली तर एक खेप वाया जाईल. खरी असूनही कोणी ऐकले नाही, तर मुलाची वर्षे वाया जातील.