'विधवे'त नवरा घुसवला कोणी?

एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव तयार करा, असे आपल्या खात्याला कळवले. विरोध झाला, तेव्हा 'ही केवळ चर्चा' असा खुलासा आला. प्रस्ताव मागे पडला, पण त्यामागची वृत्ती शाबूत आहे. म्हणून मैत्रिणींनो, या शब्दाचे कूळ तपासू.

'धव' म्हणजे नवरा, तो नसलेली ती वि-धवा, असे आपल्याला शिकवले. भाषाशास्त्र वेगळे सांगते. हा शब्द ऋग्वेदात आहे आणि त्याच्या बहिणी युरोपभर आहेत : लॅटिन 'विदुआ', प्राचीन जर्मानिक कुळातली गॉथिक 'विदुवो', आजची जर्मन 'विट्वे', इंग्रजी 'विडो'. त्या भाषांत 'धव' नावाचा कोणी नवरा नाही. मूळ अर्थ एवढाच : वेगळी पडलेली. यास्काने निरुक्तात ज्या अनेक व्युत्पत्ती दिल्या, त्यांतली एक 'धव' म्हणजे पुरुष ही. तीच रूढ झाली. म्हणजे 'विधवा' आधीची. तिची चुकीची फोड करून 'धव' मागाहून काढला! इंग्रजीतही 'विडो' आधीची, तिलाच शेपूट जोडून 'विडोअर' झाला.

शब्दात नसलेला नवरा पंडितांनी घुसवला, आणि रूढीने तो बाईच्या कपाळावर, मनगटावर, गळ्यात शोधला. कुंकू पुसा, बांगड्या फोडा, मंगळसूत्र तोडा. विधुराचे काय पुसतात? त्याचे 'श्री.' तसेच राहते. 'रांड' हा शब्दही विधवेचाच. त्याची शिवी झाली. आता गोड नावाने काय साधणार? लग्नपत्रिकेत 'गं. भा.' छापणारेच तिला हळदीकुंकवातून वगळतात.

आमचा संग्रामपूर तालुका कापसाचा. बुलढाणा जिल्हा विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांपैकी एक. इथल्या बाईला भागीरथी होऊन कोणाची पापे धुवायची नाहीत. तिला सातबाऱ्यावर नाव हवे, कर्जाचा खरा हिशेब हवा, मदतीच्या अर्जावर लेखी उत्तर हवे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. त्या ठरावाने नावाला नव्हे, रीतीला हात घातला. आपल्या गावाने तो केला आहे काय? नसेल तर येत्या ग्रामसभेत आपणच मांडू. योजनेच्या अर्जात 'विधवा' लिहावे लागते, तेवढे लिहू. बाकी सगळीकडे बाईचे स्वतःचे नाव पुरे.