शेत दरवर्षी पिकते, खाण एकदाच!

देशाला समर्थ व्हायचे असेल तर भूगर्भातील संपत्ती बाहेर काढलीच पाहिजे. पोलादावाचून ना रेल्वे, ना पूल, ना संरक्षणसिद्धता. म्हणून सरसकट खाणविरोध हा राष्ट्रहिताचा मार्ग नव्हे. परंतु खाण कोणाच्या हितासाठी आणि कोणत्या शिस्तीने चालते, हे विचारणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

गोव्याचा अनुभव बोलका आहे. चीनची मागणी वाढताच तेथील कमी प्रतीचे लोहखनिजही कच्च्या स्वरूपात जहाजे भरभरून परदेशी गेले. पोलाद तिकडे झाले. डिचोली, सांगे परिसराच्या वाट्याला धूळ आणि गाळाने भरलेली शेते आली. २००७ मध्ये पट्ट्यांची मुदत संपूनही उत्खनन चालूच राहिले. २०१२ मध्ये ते थांबवावे लागले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. नफा आधीच मूठभरांच्या पदरात पडला होता. झळ बसली ती ट्रकमालकांना आणि बार्जवरील कामगारांना.

२०१५ च्या कायद्याने पट्ट्यांचा लिलाव आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले, हे योग्यच झाले. आता खनिजावरील प्रक्रिया देशातच व्हावी आणि प्रतिष्ठानचा पैसा बाधित गावांच्या पाण्यावर, शाळांवर, आरोग्यावरच खर्च व्हावा. काढलेले खनिज पुन्हा उगवत नाही. भूमीला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या ठेवीचा हिशेब चोख ठेवायला नको काय?